बर्गर महाग पडला, तक्रार कुठे करू?

प्रश्न : भाऊ, लेकीकडे जळगावला गेले होते. नातवाच्या हट्टापायी एका नावाजलेल्या बर्गरच्या दुकानात शिरलो. पनीर बर्गर, फ्राइज आणि पाण्याची बाटली, बिल चारशेच्या पुढे! एवढ्यात घरी सगळ्यांची शेवभाजी होते. फलकावरच्या फोटोत पनीरचा जाड तुकडा, आमच्या बर्गरमध्ये पापडासारखा. फ्राइज गार. वर बिलात ‘सेवा शुल्क’. बोलले तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, "मॅडम, असंच येतं." आता गप्प बसायचं का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ताई, कडू आधी सांगतो. नुसतं ‘महाग’ म्हणून तक्रार होत नाही. बर्गरचा भाव सरकार ठरवत नाही, फलकावरचा भाव बघून आपणच पैसे मोजतो. बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर तिथेही आपली बाजू लंगडी. हॉटेल-उपाहारगृहांना ते बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. मला तो पटत नाही, पण आहे.

सेवा शुल्काचं मात्र सोडू नका. ट्रे तुम्हीच उचलून आणलात ना? मग सेवा कसली? ते आपोआप बिलात टाकायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. काउंटरवरच "हे काढा" म्हणायचं. जीएसटी वेगळा, तो अशा दुकानात 5 टक्के. पण बिलावर ‘कंपोझिशन’ (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) लिहिलेलं असेल तर गिऱ्हाइकाकडून तोही घेता येत नाही. आपल्याकडचे बरेच जण हे वाचतच नाहीत.

गार फ्राइज तिथल्या तिथे परत करायच्या, घरी येऊन चिडून काय होणार? पनीरचं म्हणाल, तर फलक आणि उघडलेला बर्गर असे दोन फोटो हवेत, तेही खाण्याआधी.

आता 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीत बोलता येतं. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. खरेदी जळगावची असली तरी 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे धुळ्यात तक्रार चालते. मुदत 2 वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चारशे रुपयांसाठी धुळ्याच्या खेपा घाला असं मी म्हणणार नाही, बहुधा फोनवरच दुकानवाले नरमतात.

बिलाचा फोटो मात्र आजच काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई हळूहळू उडते.