नोकरीत राहून नोकरी शोधताय?

पहिलं सांगते, ऑफिसच्या लॅपटॉपवरून एकही अर्ज पाठवू नका. कंपनीचा मेल, कंपनीचं वायफाय, सगळ्यावर नजर असू शकते. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना, म्हणजे भरती करणाऱ्यांना, दिसेल अशी ठेवता येते, पण तुमच्या कंपनीपासून ती नक्की लपेल याची हमी खुद्द लिंक्डइनही देत नाही. बायोडेटा सरसकट वाटलात तर फिरत फिरत तुमच्याच एचआरकडे पोचायचा. संदर्भासाठी सध्याच्या साहेबांना इतक्यात फोन करू नका, हे मुलाखतीतच स्पष्ट सांगा. समजूतदार कंपन्या ऐकतात. जवळच्या सहकाऱ्यालाही आत्ता काही बोलू नका. आणि राजीनामा? पगार व रुजू होण्याची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत मुळीच नाही. ‘तुमचं पक्कंच समजा’ या तोंडी शब्दावर चांगली माणसं अडकलेली मी पाहिली आहेत.