लेबलवर पाच गोष्टी, सहावी नको

अरे, तुझा मेसेज वाचला, केवढा लांब. शिबिरवाल्यांनी चित्रं मागितली, बडोद्याजवळच्या चांदोदच्या पुढे नर्मदेकाठी ध्यानाच्या हॉलबाहेर जी पडवी आहे तिथे लावणार, इथवर छान. मग लगेच अटी सुरू. काळं-गडद नको. प्रत्येक चित्राखाली त्याच्या "ऊर्जे"बद्दल दोन ओळी लिहून द्या. आणि किंमत लावायची नाही कारण तिथे सगळी सेवा असते. आणि तू मला विचारतोस, मावशी, किंमत लावली तर साधनेच्या जागी बरं दिसेल का. कौतुक तुझ्या आईने केलंच असणार, मी सरळ कामाचं बोलते.

लेबलवर पाच गोष्टी. चित्राचं नाव, माध्यम, माप, साल, किंमत. सहावी नाही.

त्या दोन ओळी हीच ती सहावी गोष्ट. "हे चित्र अनाहत चक्र जागृत करतं" वगैरे. तू जलरंगात ओरसंग नदीच्या पात्रातली रात्र रंगवलीस, कागद किती वेळा ओला केलास, कुठे पाणी पळालं आणि तू ते पळू दिलंस, हे तुला माहीत आहे. चक्राचं तुला काय माहीत? मला पण नाही माहीत. मग लिहायचं कशाला? समोर बसलेला माणूस आठ-आठ तास मौनात आहे, फोन जमा केलाय, त्याच्या डोळ्यांना तेवढ्या दिवसात जी धार येते ती आपल्याला वर्षभरात येत नाही, आणि अशा माणसाला आपण आधीच सांगून टाकायचं की तुला काय वाटणार आहे! मला हे चीड आणतं, अजूनही.

तू म्हणशील जुन्या काळी तर सगळी कला देवाधर्माचीच होती. होतीच ना. अजिंठा म्हणजे काय, पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहायचे त्या वर्षावासाच्याच जागा. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचवं शतक. कोणी कोरवलं, कोणत्या राजाच्या काळात, कोणाला दिलं, सगळं आहे, लेण्याचं कौतुकही आहे. पण या भिंतीसमोर दहा मिनिटं बसा म्हणजे झोप लागेल असं कुठेही नाही. (हो, दुसऱ्या लेण्यात चित्राजवळ जातकमालेतले, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतले, श्लोक रंगवलेत, माहितेय मला, तू तेच काढणार. ते गोष्ट सांगतात. गुण येईल असं नाही सांगत.)

आणि लांब कशाला जायचं, तू बडोद्यात वाढलास. कीर्तिमंदिरात शेवटचा कधी गेलास? गायकवाडांच्या घराण्याचं स्मारक, सयाजीरावांनी १९३६ मध्ये बांधून घेतलं, तिथे शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ पासून १९४६ पर्यंत येऊन येऊन भिंती रंगवल्या. गंगावतरण आहे, मीराबाई आहे, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आहे, आणि महाभारताचं युद्ध आहे. युद्ध! ज्या जागी गेलेल्या माणसांची आठवण ठेवायची तिथे. कोणी म्हणालं नाही की जरा शांत विषय घ्या, लोकांना बरं वाटलं पाहिजे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही तिथे दुपारी जाऊन बसायचो, अर्धी मुलं उन्हापासून वाचायला, खरं सांगायचं तर.

म्हणजे काळ्याचा प्रश्न पण सुटला. तरी हवा असेल तर अजून एक. अमेरिकेत ह्यूस्टनला रॉथको चॅपल आहे, मार्क रॉथको या चित्रकाराच्या चित्रांचं प्रार्थनास्थळ, १९७१ मध्ये उघडलं, तो आदल्या वर्षीच गेला होता. आत चौदा मोठी चित्रं, जवळजवळ काळी, जांभळी. कुठल्याही धर्माचा माणूस येऊन शांत बसतो. तिथे अडचण काळ्या रंगाची झालीच नाही, अडचण झाली उजेडाची, छतातून येणारं ऊन इतकं की चित्रं धड दिसेनात, वर्षानुवर्षं आडोसे लावून बघितले आणि शेवटी नवीन झरोका बसवून २०२० मध्ये परत उघडलं. तर त्यांना सांग, गडद चित्राला नाही म्हणू नका, पडवीत ऊन कुठून येतं ते आधी सांगा.

आता किंमत. इथे तू सगळ्यात जास्त गडबडलायस म्हणून इथेच जास्त बोलते. शिबिरात राहण्याजेवणाची फी घेतात, तूच लिहिलंयस. मंडपवाला पैसे घेतो, जनरेटरवाला घेतो, स्वयंपाकाच्या बायका घेतात आणि घ्यायलाच पाहिजेत. मग सेवा फक्त चित्रकाराच्याच वाट्याला का? सयाजीरावांनी रविवर्म्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली ती पैसे मोजूनच, देवादिकांचीच होती. विकायचं नसेल तर "विक्रीसाठी नाही" असं लिही, ती पण किंमतच झाली, तू ठरवलेली. पण जागा रिकामी सोडायची नाही. जागा रिकामी सोडलीस की जेवणाच्या रांगेत कोणीतरी हळूच येऊन "भाव शुं छे?" विचारणार, तू लाजून अर्धी सांगणार, दुसऱ्याला तिसरीच सांगणार, आणि संध्याकाळी आयोजक म्हणणार की हे एक आश्रमाला भेट देऊन टाक ना. देणार तू. मी ओळखते तुला.

माझं काय झालं ते तुझ्या आईने सांगितलंच असेल तिच्या पद्धतीने, आता माझ्याकडून ऐक. एका ठिकाणी, नाव नको, घाटावरच्या म्हाताऱ्या बायकांची माझी चित्रं लावली होती. सकाळी बघते तर प्रत्येकाखाली छापील कार्ड, "वैराग्याचा आनंद" की असंच काहीतरी. त्या बायकांना घरच्यांनी सोडलं होतं, कसला आनंद? कार्ड काढा म्हटलं, ते म्हणाले ताई अहंकार सोडा. मी चित्रं सोडवली आणि भर पावसात टेम्पो करून घरी आले. त्यानंतर त्या वर्तुळातून मला कुठेच बोलावणं आलं नाही, आणि माझ्याबरोबर जिची चित्रं होती ती कार्डासकट राहिली, तिची आज आश्रमाआश्रमांत मोठमोठी कॅनव्हासं आहेत. चांगली आहेत, वाईट म्हणणार नाही. माझी माळ्यावर आहेत, त्यातल्या दोन चित्रांना बुरशी लागली. हळहळ वाटते का? वाटते रे, दर पावसाळ्यात वाटते, एवढ्या लोकांनी बघितली असती. पण कार्डासकट बघितली असती ना! ते बघणं मला नको होतं आणि आजही नकोय, तुझी आई काहीही म्हणो.

तू लगेच भांडून निघून ये असं म्हणत नाहीये हां. तू जा. जायलाच पाहिजे, अशी बघणारी माणसं गॅलरीत मिळत नाहीत, तिथे लोक समोसा हातात धरून एकमेकांना बघतात. फक्त आधी कागद कर. चित्रांची यादी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा, खराब झालं तर भरपाई कोण देणार, आणि लेबलवर माझ्या पाच गोष्टींखेरीज काही लावायचं नाही, ब्रोशर-कॅलेंडरमध्ये विचारल्याशिवाय छापायचं नाही. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम आहे, आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क, शिल्पकार अमरनाथ सहगलांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारनेच उतरवून टाकलं होतं, ते लढत राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर गेलं म्हणून त्याला त्याचं वाटेल ते करता येत नाही.

लावण्याचं. गॅलरीत आपण चित्राचा मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर घेतो, उभ्या माणसाच्या डोळ्याला. तिथे लोक पडवीत उभे राहणार की मांडी घालून बसणार? बसणार असतील तर डोळा अडीच फुटांवर येतो, तेवढं खाली आण, कोणी हसलं तर हसू दे. जलरंग आहेत, म्युझियमवाले कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, तू निदान थेट ऊन टाळ. नदीकाठची हवा दमट, कागद काचेला चिकटता कामा नये म्हणून माउंट, म्हणजे कागदाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, आणि मागे बुचाचे छोटे तुकडे लावून फ्रेम भिंतीपासून जरा सुटी ठेव. धूप-अगरबत्तीचं टेबल चित्राखाली मांडतात, हमखास मांडतात, ते स्वतः उचलून लांब ठेव, कोणाला विचारत बसू नकोस.

किमती लिहिताना लाजून दोन हजार वगैरे लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे. माउंट, फ्रेम, टेम्पो हे आधी मांड, मग तुझे दिवस मांड. त्यांना विक्रीवर काही टक्के हवे असतील तर घेऊ देत, किती ते कागदावर येऊ दे. यादी उद्या पाठव, आणि माप नीट लिही, तू नेहमी उलटं लिहितोस, उंची आधी, रुंदी नंतर.