नकाशावरून नाहीसे झालेले विमान आणि एका आईची जागरणे

मुले परदेशी असलेल्या आईवडिलांकडून गेली काही वर्षे मी एक तक्रार वारंवार ऐकते. मुलगा किंवा मुलगी विमानात बसली की ती उतरेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि त्या वेळात हाती फोन घेतला की जुन्या विमान अपघातांच्या बातम्या वाचण्यात पहाट कधी होते ते कळत नाही. 'हा आजार आहे का?' असे ते विचारतात. सुमनताईंनीही हेच विचारले होते. त्यांचे नाव आणि काही तपशील मी बदलले आहेत; त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने लिहीत आहे.

सुमनताई ५८ वर्षांच्या, नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. त्यांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला परिचारिका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा यजमान सोबत होते आणि बोलायला सुरुवात त्यांनीच केली. जानेवारीत मुलगी सुट्टी संपवून क्वालालंपूरमार्गे परत निघाली होती. तिचे विमान सुमनताई फोनवरच्या नकाशावर पाहत बसल्या होत्या, आणि जावा बेट मागे पडल्यानंतर समुद्रावर ते पिवळे चिन्ह एकाएकी नाहीसे झाले. त्यांनी यजमानांना उठवले, दिरांना फोन केला, दुबईच्या भाच्याला फोन केला, देवाजवळ दिवा लावला. सव्वा तासाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ते चिन्ह पुन्हा दिसू लागले, पण त्यांचे हातपाय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थरथरत होते.

या भीतीला अकरा वर्षांचा इतिहास होता. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे बोइंग ७७७ विमान २३९ जणांसह बेपत्ता झाले, त्या दिवसापासून सुमनताई त्याविषयी मिळेल ते वाचत होत्या. मुलगी तेव्हा नाशिकलाच शिकत होती, त्यामुळे ते वाचन कुतूहलाचे होते. उपग्रहांनी टिपलेली समुद्राची छायाचित्रे जगभरातल्या लाखो लोकांनी घरबसल्या तपासली, त्यांत त्याही होत्या. पुढे मुलगी पर्थला गेली. बेपत्ता विमान शोधणारी विमाने आणि जहाजे ज्या किनाऱ्यावरून निघत होती, नेमके तेच शहर, आणि तिचा येण्याजाण्याचा मार्गही क्वालालंपूरवरून जाणारा. कुतूहलाची धास्ती तिथे झाली. २०२५ च्या सुरुवातीला नव्या शोधमोहिमेच्या बातम्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग सगळे जुने तर्क फोनवर नव्याने फिरू लागले.

पहिल्या दोन भेटींत माझ्याकडून एक चूक झाली, ती मी नोंदवून ठेवते, कारण घरातली माणसेही हीच चूक करतात. मी त्यांना माहिती देऊन शांत करू पाहिले. फोनवरचा नकाशा विमानाचे संदेश बहुतांशी जमिनीवरच्या केंद्रांकडून मिळवतो, त्यामुळे भर समुद्रावर चिन्ह नाहीसे होणे नेहमीचेच आहे आणि त्या वेळीही वैमानिक उपग्रहामार्फत संपर्कात राहू शकतात, हे मी समजावले. एमएच ३७० नंतर समुद्रावरून जाणाऱ्या प्रवासी विमानाची जागा निदान दर पंधरा मिनिटांनी कळलीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम झाला, ब्लॅक बॉक्स शोधता यावा म्हणून पाण्याखाली संकेत देणाऱ्या यंत्राच्या बॅटरीची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांवर नेण्यात आली, हेही सांगितले. त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले. पुढच्या भेटीत त्या एक नवा तर्क घेऊन आल्या आणि माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे 'पण' तयार होते. धास्तावलेल्या मनाला दिलेली खात्री चार दिवस पुरते, मग ते मन आणखी मोठी खात्री मागू लागते. मी नकळत त्या मागणीलाच खतपाणी घालत होते.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी वादविवाद सोडून दिला आणि ती वही पाहायला मागितली. दोनशे पानी वही, भूगोलाच्या बाईंच्या नेटक्या अक्षरातली. अपहरण झाले, आग लागली, विमान पाडले गेले, हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळावर उतरवले गेले, कझाकस्तानात लपवले गेले, अशी एकेक तर्काला चार-चार पाने दिलेली होती. मी विचारले, "ताई, यांतला कोणता तर्क वाचल्यावर तुम्हांला झोप लागते?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "दिएगो गार्सियाचा. त्यात ती माणसे जिवंत असतात."

मला त्या उत्तराने पुष्कळ शिकवले. आपण समजतो की अशा कहाण्या माणसे सनसनाटीच्या हौसेने वाचतात. काही वाचतही असतील. पण पुष्कळांना त्या कहाणीत एक शेवट मिळतो, आणि 'काय झाले ते कळलेले नाही' या वाक्यापेक्षा भयंकर शेवटसुद्धा मनाला सोसायला सोपा जातो. सुमनताईंच्या जागरणामागे आणखी एक समजूत होती, ती चौथ्या भेटीत आपोआप बाहेर आली. "मी जागी असले की तिचे विमान नीट जाते," असे त्या म्हणाल्या आणि स्वतःच संकोचल्या. लहानपणी मुलीला ताप आला की उशाशी बसून रात्र काढायची, तोच हा पहारा होता. विमान सुखरूप उतरले की त्याचे श्रेय मन पहाऱ्याला देत होते, आणि म्हणून पुढच्या वेळी पहारा सोडण्याची हिंमत होत नव्हती. या समजुतीला हसू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती मायेतूनच आलेली असते; फक्त तिचा उपयोग होत नाही आणि माणूस मात्र झिजते.

पुढचे काम आम्ही त्यांच्याच शाळेच्या सवयीने केले. लाल पेन घेऊन त्यांनी वही तपासायची आणि प्रत्येक विधानापुढे 'ठाऊक' किंवा 'तर्क' असा शेरा लिहायचा. 'ठाऊक' या शेऱ्याची विधाने मोजकी निघाली. पहाटे १ वाजून १९ मिनिटांनी विमानातून नियंत्रण कक्षाला शुभरात्रीचा शेवटचा संदेश गेला. दोन मिनिटांनी ते नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसे झाले. लष्करी रडारच्या नोंदींनुसार ते मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे आले. आणि सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत एका उपग्रहाशी त्याचे यांत्रिक संकेत जुळत राहिले, ज्यांवरून ते दक्षिण हिंदी महासागरात संपले असे अनुमान निघाले. जुलै २०१५ मध्ये आफ्रिकेच्या बाजूच्या रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला त्याच्या पंखाचा एक भाग लागला. १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळूनही मुख्य सांगाडा मिळाला नाही, आणि २०१८ च्या अधिकृत अहवालाने कारण निश्चित करता येत नाही असे स्पष्ट लिहिले. पंखाचा भाग सापडला हे लाल पेनाने 'ठाऊक' म्हणून लिहिल्यावर ताईंनी दिएगो गार्सियाच्या पानांवर स्वतःहून काट मारली. त्या दिवशी त्या रडल्या. अकरा वर्षे जिवंत ठेवलेल्या माणसांचा तो निरोप होता, असे मला वाटले, आणि आम्ही त्या तासात दुसरे काहीच केले नाही.

चोरीच्या पासपोर्टांचे पान मात्र त्यांना फार लागले. त्या विमानात दोन तरुण चोरीच्या पासपोर्टावर प्रवास करत होते, हे कळताच पहिल्या दिवसांत सगळ्या जगाने त्यांना दहशतवादी ठरवले; चौकशीत ते युरोपात आसरा शोधणारे इराणी तरुण असल्याचे आणि त्यांचा दहशतवादाशी संबंध दिसत नसल्याचे पुढे आले. सुमनताईंनी तो पहिला मजकूर त्या वेळी दहा-बारा जणांना पाठवला होता. "त्यांच्या आयांनी हे वाचले असेल का हो?" असे त्यांनी विचारले. या विमानात पाच भारतीय प्रवासी होते, त्यांत महाराष्ट्रातलेही होते, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही. माणूस गेलेही नाही आणि आहेही नाही, अशा अवस्थेतल्या दुःखाला अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी 'संदिग्ध वियोग' या अर्थाचे नाव दिले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत त्यांनी काम केले होते. अशा घरात ना दिवस घालता येतात, ना वाट पाहणे सोडता येते. बाहेरच्या लोकांचा प्रत्येक नवा तर्क त्या घराची अर्धवट मिटलेली जखम उघडतो. हे ऐकल्यावर ताईंनी खात्री नसलेला मजकूर पुढे पाठवणे त्याच दिवशी बंद केले.

मग आम्ही पहारा थोडा थोडा कमी करायला घेतला. या विमानाविषयीचे वाचन दुपारी चार ते साडेचार एवढ्याच वेळात, अंथरुणावर कधीही नाही. रात्री विचार आला तर त्याच्याशी वाद न घालता तो उशाशी ठेवलेल्या कागदावर लिहून दुसऱ्या दुपारसाठी राखून ठेवायचा. मुलीने विमानात बसताना एक आणि उतरल्यावर एक असे दोनच संदेश पाठवायचे, आणि मधल्या वेळात नकाशा उघडायचा नाही. शेवटची अट ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना असे वचन दिले नाही की काही होणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. एवढेच म्हटले की त्या रात्री भीती वाटेल, ती वाढेल, आणि नकाशा न उघडताही ती ओसरते का ते आपण पाहू.

जुलैमध्ये मुलगी नाशिकला यायला निघाली. ताई दहा वाजता आडव्या झाल्या, बाराला उठल्या, छातीत धडधडत होते. फोन यजमानांकडे होता आणि त्यांनी तो दिला नाही. दोघांनी ओट्यावर बसून चहा घेतला. दीडच्या सुमारास धडधड कमी झाली आणि तीनच्या आधी त्यांना डुलकी लागली; मुंबईला उतरल्याचा संदेश यजमानांनी वाचून दाखवला तेव्हा उजाडले होते. परतीच्या प्रवासात त्यांनी एकदा नकाशा उघडलाच, समुद्रावर चिन्ह दिसेना, आणि त्यांनी फोन पालथा घालून ठेवला.

डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. एप्रिलमध्ये थांबवलेला शोध ३० डिसेंबरपासून पुन्हा सुरू होणार, असे मलेशिया सरकारने जाहीर केले होते. "बातमी मोठी आहे, वाचू का?" त्यांनी विचारले. घड्याळात रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "उद्या चारला वाचते."