विम्याचा दावा करण्यापूर्वी वजावट समजून घ्या

आपण पहिलीच गाडी घेतली आहे, म्हणून सांगतो. रात्री दारव्ह्याच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला आणि बंपर फुटला, तर दुरुस्तीचा सगळा खर्च कंपनी देईल असे समजू नका. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकालाच सोसावी लागते. इंजिन 1500 सीसीपर्यंत असल्यास ही सक्तीची वजावट सामान्यतः 1000 रुपये आणि त्याहून मोठे असल्यास 2000 रुपये असते. ती वर्षातून एकदा नव्हे, दर दाव्याला कापली जाते. समोरच्याच्या नुकसानभरपाईला मात्र ती लागू नाही.

खरा फटका घसाऱ्याचा, म्हणजे सुटे भाग वापरून जुने झाल्याने त्यांच्या किमतीतून होणाऱ्या कपातीचा बसतो. समजा, बंपर 6000 आणि मजुरी 3000 रुपये झाली. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे 3000 गेले, वर वजावटीचे 1000. जीएसटी बाजूला ठेवला तरी कंपनीकडून मिळणार 5000. शून्य घसाऱ्याचे जोड संरक्षण घेतले असेल, तर घसारा वाचतो, वजावट नाही.

त्यातच दावा केल्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट शून्यावर येते, जी सलग पाच वर्षे दावा न केल्यास 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते. त्यामुळे किरकोळ ओरखडे मी गावातल्या डेंटरकडूनच काढून घेतो. हप्ता कमी होतो म्हणून ऐच्छिक वजावट, म्हणजे सक्तीच्या वजावटीवर आपणहून सोसायची जादा रक्कम, घेण्याचा आग्रह एजंट करतील, पण कापूस विकला जाईपर्यंत हाती रोकड नसलेल्या घरात ती रक्कम ऐनवेळी जड जाते.