आधी ग्रुप, मग दहा

ठाण्यात १० मीटर एअर रायफल शिकायला लागलास, फार छान! स्वतःची रायफल इतक्यात घेऊ नकोस, क्लबचीच वापर.

नवखे हमखास एक चूक करतात: एक पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) सात गुणांच्या वर्तुळात गेलं की लगेच साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, फिरवतात. थांब. पाच मार आणि कागदावरचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बघ. ग्रुप घट्ट पण बाजूला असेल तरच साइटला हात लाव. विखुरलेला असेल तर पोझिशन (उभं राहायची ढब) किंवा ट्रिगर तपास. दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, बोट झटकलं की गेलाच.

- पेलेट शिशाची असतात. जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धू.
- आपल्याकडच्या पावसाळ्यात रायफल पुसूनच पेटीत ठेव.

४.४९ की ४.५० मिमीची पेलेट, हे ग्रुप जमायला लागल्यावर बघू.