अष्टाक्षरीवर अभिप्राय देताना

नुसतं 'छान', 'अप्रतिम' म्हणून थांबू नकोस. कवीच्या हाती काहीच लागत नाही. आधी कविता मोठ्याने वाच, मग बोटांवर अक्षरं मोज; अष्टाक्षरी म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरं असलेली कविता. जोडाक्षर एकच धरायचं. परवा एक ओळ वाचली, 'ओल्या पावसाच्या सरी'. अक्षरं बरोबर आठ, पण पावसाच्या सरी ओल्याच असतात ना! 'ओल्या' फक्त जागा भरायला आलंय. तिथे 'आल्या' केलं तर ओळीत हालचाल येते. असं नेमकं बोट ठेव, बदल मात्र लादू नकोस.

तुझ्या कवितेवर कुणी बोललं की 'मला असं म्हणायचं होतं' सांगायला लगेच धावू नकोस. मलाही सुरुवातीला फार लागायचं. सगळं वहीत टिप, दोन दिवसांनी वाच. दोघं एकाच शब्दावर अडखळले असतील, तर तो आधी तपास.