आरएक्स 100 देऊन जुनी बुलेट घ्यावी का? जुन्या गाड्यांत एवढं असतं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही म्हापशाचे, 1994 ची आरएक्स 100 चांगल्या स्थितीत आहे, रोज पणजीला कामाला तीच नेता. ओळखीतला एकजण त्याची 1984 ची बुलेट 350 द्यायला तयार आहे, वर पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. करावा का हा व्यवहार?

मी साखळी गावचा. येझदी रोडकिंग देऊन अशीच कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची) बुलेट घेतली आहे. रोडकिंग आणि तुमची आरएक्स टू-स्ट्रोक, बुलेट फोर-स्ट्रोक, त्यामुळे एकीवरून दुसरीवर येताना काय काय बदलतं ते अंगावरून गेलंय. मत आधीच सांगतो. आरएक्स ही तुमची एकच गाडी असेल तर देऊ नका. घरात रोजच्या वापराला एखादी स्कूटर असेल, तर बुलेट जरूर घ्या. किमतीचा हिशेब इथे फारसा कामाचा नाही. दोन्ही गाड्यांना आज मागणी आहे आणि दोन्हींचे भाव सांगणारे दहाजण दहा आकडे सांगतील. बघायचं हे, की यापुढे तुम्हाला कुठल्या इंजिनाशी खटपट करायला आवडेल. कारण खटपट दोन्हीकडे आहे, पण ती एकसारखी नाही.

आरएक्स 98 सीसीची, बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) तोही 50. ताकद 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. बुलेट 346 सीसी, बोअर 70 आणि स्ट्रोक 90, ताकद 18 हॉर्सपॉवर, पण वजन दीडशेच्या बरंच वर. म्हणजे सिग्नल सुटला की आरएक्स पुढे जाणार, त्यात वाद नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा. त्यात बुलेटच्या पिस्टनचा पल्ला लांब आणि फ्लायव्हील जड, म्हणून आयडलिंगला तिचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो. लोक ज्या आवाजासाठी वेडे होतात तो सायलेन्सरमधून येत असला तरी जन्मतो या लांब स्ट्रोकमध्ये. सायलेन्सर कापून तो वाढवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलात की हा फरक हाताला कळतो. रोडकिंगवर वळण आलं की गिअर टाका, पिळा, पुन्हा गिअर, असं चालायचं, आणि तेही मला प्रिय होतं. बुलेट तिसऱ्यावर टाकली की वळणामागून वळण ठोके मोजत चढते. उतरताना तर जास्तच. येझदीत टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण) पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की पेट्रोल थांबतं आणि त्याबरोबर इंजिनाला मिळणारं ऑइलही आटतं, म्हणून मध्ये मध्ये थ्रॉटल उघडत राहावं लागतं. बुलेटला ऑइल वेगळं, त्यामुळे इंजिनाच्या ब्रेकवर निवांत उतरता येतं.

आता किक. शेजारच्या मुलाला शिकवताना मी असं शिकवतो. चावी फिरव, अँपमीटरकडे (बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) बघ. किक हळूहळू खाली दाब. पॉइंट (ठिणगी पाडणारा उघडझाप स्विच) जुळलेले असताना काटा एका बाजूला झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला की थांब. डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढ, किक किंचित पुढे सरकव, डिकंप्रेसर सोड, किक वर येऊ दे. मग एकच पूर्ण, सरळ लाथ. हे नीट केलं तर बारीक अंगाचा माणूसही बुलेट सुरू करतो. न करता नुसता जोर लावला तर किक उलटी येते आणि पायाची नडगी फुटते. त्या मुलाने पहिल्यांदा काटा मध्यावर आणून गाडी सुरू केली, तेव्हा त्याने ती लगेच बंद करून पुन्हा सुरू केली. जुन्या गाड्यांत लोकांना काय दिसतं या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. आत चाललंय काय ते बाहेरून दिसतं आणि तुम्ही त्यात भाग घेता.

पावसात गाडी फसफसायला लागली तर त्याच पॉइंटचं (सीबी पॉइंट) झाकण काढा, कोरड्या फडक्याने ओल पुसा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. बहुतेक वेळा काम झालेलं असतं, तेही रस्त्याच्या कडेला. 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यावर नव्या मोटरसायकलींत इंजेक्शन आणि सेन्सर आले. त्या उत्तम गाड्या आहेत, पण बिघडल्या की कॉम्प्युटर लावणाऱ्याची वाट बघावी लागते. शिवाय येझदी बनवणारी म्हैसूरची कंपनी 1996 मध्ये बंद पडली, आरएक्स 100 चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्या कुणीतरी हात काळे करून चालवत ठेवल्या म्हणूनच. मला याचं फार मोल वाटतं.

एक धोका मात्र गंभीरपणे घ्या. 1984 च्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. तुमचा उजवा पाय इतकी वर्षं ब्रेक मारतोय. समोर गाय आली की तो आपोआप दाबला जाईल, आणि बुलेटवर त्याचा अर्थ वरचा गिअर. पर्वरीच्या गर्दीत ही गाडी लगेच घेऊन जाऊ नका. आधी मोकळ्या रस्त्यावर पायाला वळण लागू द्या.

कागदांचं बघा. गोवा 30 मे 1987 ला राज्य झालं. त्याआधी गोवा, दमण आणि दीव असा केंद्रशासित प्रदेश होता आणि गाड्यांचे नंबर जीडीने सुरू व्हायचे. 1984 ची बुलेट मुळात इथलीच असेल तर जुन्या आरसीवर जीडीचा नंबर हवा. जीए असेल तर ती बहुधा बाहेरून आली आहे. तसं असल्यास मूळ राज्याची एनओसी मागा. आरसीवरचा इंजिन आणि चॅसिस नंबर गाडीवरच्या पंचिंगशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विसंबू नका. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, त्याची तारीख बघा. ‘व्हिंटेज नंबर मिळेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2021 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, शिवाय तो नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही.

आपल्या खाऱ्या हवेचंही आहे. टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा, स्पोक आणि मडगार्डची खालची बाजू बोटाने चाचपा. किनाऱ्याला उभी राहिलेली आणि आत सत्तरी तालुक्यात उभी राहिलेली एकाच वर्षाची गाडी वेगळी निघते. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुने रबर खातं, त्यामुळे पेट्रोल कॉक, पाइप आणि कार्बुरेटरचे वॉशर नवे घालायचा खर्च धरूनच चाला. आरएक्सला हे आधीच केलं नसेल तर तिलाही हेच लागू.

बघायला जाल तेव्हा त्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नकोस. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा घेऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन किती किकांत उठतं आणि तापल्यावर बंद करून पुन्हा उठतं का, या दोन गोष्टींत बरंचसं कळतं.

शक्य असेल तर दोघांनी आठ दिवस एकमेकांच्या गाड्या वापरून बघा, विमा दोन्हींचा चालू असेल तरच. मन बसलं तर ट्रान्सफर दोन्ही गाड्यांचे वेगवेगळे करा. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 दोन्हींचे स्वतंत्र लागतात. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘आपण ओळखीचे, सावकाश करू’ असं म्हणून सोडू नका, कारण आरएक्स तुमच्या नावावर असेपर्यंत तिने काही अपघात केला तर नोटीस म्हापशाला तुमच्या घरी येईल.